गाव स्वच्छ करायचंय? सुरुवात कचऱ्याच्या शेवटापासून करा

बहुतेक गावांतली स्वच्छता मोहीम एका रविवारी सुरू होते आणि त्याच रविवारी संपते. सकाळी माणसं जमतात, झाडू, फावडी, घमेली निघतात, दुपारपर्यंत चौक लख्ख होतो. गोळा केलेला कचरा मात्र गावाबाहेर ओढ्याच्या काठी ओतला जातो, नाहीतर ढीग करून पेटवला जातो. महिनाभरात चौक होता तसा होतो आणि ज्यांनी घाम गाळला ती माणसं पुढच्या वेळी येत नाहीत. मला सगळ्यात जास्त वाईट या दुसऱ्या गोष्टीचं वाटतं. कचरा पुन्हा उचलता येतो, पण एकदा हिरमुसलेला माणूस पुन्हा हातात झाडू घ्यायला सहसा तयार होत नाही.

म्हणून हा सगळा लेख एकाच आग्रहापोटी लिहिला आहे: उलट्या टोकाने चला. उचललेली प्रत्येक वस्तू शेवटी कुठे जाणार, हे आधी ठरवा. मग कोण उचलणार, कुठून उचलणार आणि कधी, हे ठरवा.

एस्टोनिया या छोट्या देशात 3 मे 2008 रोजी सुमारे 50 हजार लोकांनी काही तासांत जवळपास 10 हजार टन बेकायदा टाकलेला कचरा उचलला. त्या दिवसाचं कौतुक जगभर झालं, पण त्यामागची तयारी कित्येक महिन्यांची होती. स्वयंसेवकांनी आधी फिरून हजारो जागांचे फोटो काढले, त्या नकाशावर टिपल्या, वाहनं ठरवली आणि कचरा कुठे नेऊन टाकायचा तेही ठरवलं. तो दिवस यशस्वी झाला तो या तयारीमुळे. आपल्याला देश साफ करायचा नाही, एक गाव करायचं आहे, पण क्रम तोच ठेवायचा.

पहिली पायरी: गाव पायी फिरा

दोघा-तिघांनी मिळून फिरा. एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. तीच जागा चार वेळा चार तऱ्हेची दिसते. हाताने काढलेला गावाचा साधा नकाशा बरोबर असू द्या आणि उकिरडे, तुंबलेली गटारं, पडीक जागा, ओढ्याचे काठ, बस थांबण्याची जागा, शाळेची मागची भिंत असं सगळं त्यावर टिपा.

प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी लिहा: कचरा कसला आहे, कोण टाकतं, कधी टाकतं आणि तिथेच का टाकतं. चौथ्या प्रश्नावर थांबा, घाई करू नका. एखाद्या वळणावर ढीग साचतो, कारण घंटागाडी तिथपर्यंत येते आणि पुढच्या अरुंद बोळात शिरत नाही. कुठे रात्री दिवा नसतो. कुठे कचरा नेणारी गाडी सकाळी अशा वेळी येते की कामावर जाणारी माणसं तोवर घराबाहेर पडलेली असतात. लोक आळशी आहेत म्हणून घाण आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण त्या वळणावर अर्धा तास उभं राहिलात तर बहुतेक वेळा त्यामागे सोयीचं साधं कारण सापडतं, आणि कारण सापडलं की उपायही तिथेच असतो.

प्रत्येक जागेचा फोटो घ्या. विजेचा खांब, घराचा कोपरा अशी एखादी खूण फोटोत येऊ द्या, म्हणजे पुढे त्याच कोनातून पुन्हा फोटो काढता येईल.

दुसरी पायरी: कचरा उलगडून बघा

हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून ते टाळलं जातं. पण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. एका नेहमीच्या ढिगातला दोन-तीन पोती कचरा उचला, मोकळ्या जागी ताडपत्री अंथरा, जाड हातमोजे आणि बंद बूट घाला, लांब दांड्याचा चिमटा घ्या आणि कचरा वेगळा करत जा. भाजीची देठं, साली, उरलेलं अन्न एकीकडे. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, काच दुसरीकडे. खाऊची चकचकीत पाकिटं, पातळ पिशव्या तिसरीकडे. डायपर आणि सॅनिटरी पॅड चौथीकडे. मग प्रत्येक ढीग वजन करून वहीत लिहा.

ताडपत्रीवर कचरा असा मांडला की वाद कमी होतात. "सगळं प्लास्टिकच आहे" असं म्हणणाऱ्याला दिसतं की वजनात ओला कचराच भारी आहे, आणि तो घराघरांत किंवा गल्लीत जिरवता आला तर गाडीवरचा भारही हलका होईल. एकाच तऱ्हेची पाकिटं ढिगाने निघाली तर ती कुठून येतात हे कळतं आणि त्या दुकानदाराशी बोलता येतं. डायपर बरेच निघाले तर आसपासच्या घरांत लहान मुलं आहेत आणि त्या आयांना ते टाकायला दुसरी जागाच नाही, हे समजतं. अशा घरी जाऊन ओरडायचं नसतं. त्यांना सोय करून द्यायची असते.

तिसरी पायरी: प्रत्येक ढिगाला पत्ता द्या

ओल्या कचऱ्याचं खत करा. शक्यतो ज्याच्या त्याच्या अंगणात, नाहीतर गल्लीत एखाद्या सामाईक जागी. खताचा ढीग साधारण एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असावा, त्याहून लहान ढीग नीट तापत नाही. ओल्या कचऱ्याच्या एका थराला सुका पालापाचोळा, काडीकचरा, भुसा यांचे दोन ते तीन थर, असं प्रमाण धरा. ओल्यात नत्र जास्त असतं, सुक्यात कर्ब. दोन्ही मिळून नत्राच्या एका भागाला कर्बाचे 25 ते 30 भाग झाले की जिवाणू झपाट्याने काम करतात, आणि थरांचं हे प्रमाण साधारण तिथेच नेतं.

ओल बघायला मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक. पाणी गळलं तर सुकं घाला, मूठ उघडल्यावर मिश्रण भुरभुरलं तर पाणी शिंपडा. उष्णता बघायला एक लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसून पाच मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग नीट तापला आहे. आत 55 अंश सेल्सिअसच्या वर तापमान काही दिवस टिकलं की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. आठवड्याला ढीग खालीवर केलात तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. नाकाला झोंबणारा वास आला तर ओलं जास्त झालं आहे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा जात नाही, तेव्हा ढीग लगेच उकरा. मांस, तेलकट उष्टं त्यात टाकू नका आणि वरचा थर नेहमी सुक्याचा ठेवा, म्हणजे उंदीर आणि माश्या लागत नाहीत.

सुक्या कचऱ्यासाठी मोहिमेच्या आधीच भंगारवाल्याशी बोला. तो काय घेतो, काय घेत नाही, किती माल साठला की गाडी आणतो, माल धुतलेला आणि वेगवेगळा असला तर काय फरक पडतो, हे त्याच्याकडूनच समजून घ्या. या विषयात त्याच्याइतकी जाण गावात दुसऱ्या कुणाला नसते. साठवायला छप्पर असलेली जागा हवी, भिजलेला पुठ्ठा कोणी घेत नाही.

धोक्याच्या वस्तू वेगळ्याच काढा: बॅटऱ्या, ट्यूबलाइट, औषधं, सुया, कीटकनाशकांचे डबे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडू नका. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाका आणि जवळच्या आरोग्य केंद्राला विचारून तिकडे सोपवा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे श्वासातून छातीत गेले तर घातक ठरणारे बारीक तंतू. ते तोडायचे नाहीत, ओले करून अखंड उचलायचे.

यानंतरही काही उरतंच, तेवढंच स्थानिक प्रशासनाच्या अधिकृत कचरा केंद्रावर जाईल. त्यासाठी गाडी, तारीख आणि परवानगी आधी पक्की करा, शक्य असेल तर लेखी घ्या.

आणि कृपा करून जाळू नका. ढीग पेटवला की नजरेआड होतो, पण पाइप, वायरी यांतलं पीव्हीसी प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात, आणि धूर पहिल्यांदा शेजारच्याच पोरांच्या छातीत शिरतो. जपानमधल्या कामिकात्सु या डोंगराळ गावातही पूर्वी कचरा उघड्यावर जाळत असत. 2003 मध्ये त्या गावाने कचरामुक्तीचा ठराव केला. आज तिथे कचरा गोळा करणारी गाडी फिरत नाही. ओल्याचं खत घरीच होतं, बाकीचं लोक स्वतः केंद्रावर नेऊन चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळं करतात आणि जवळपास 80 टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. गावाची वस्ती दीड हजारांहून कमी. आपण एकदम चाळीस प्रकारांवर उडी मारायची नाही. चार नीट जमले तरी पहिल्या वर्षाचं काम झालं.

चौथी पायरी: माणसं

पाच ते सात जणांचा गट पुरे. त्यात नुसते उत्साही नकोत. हिशेब ठेवणारा एक, गावातल्या सगळ्यांशी बोलणं असलेली एक, अवजारं आणि वाहनं जमवणारा एक, आणि मुलांना सांभाळून घेणारी एखादी शिक्षिका हवी. बायकांना पहिल्या बैठकीपासून बोलवा आणि बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा. घरातला कचरा बहुधा त्याच हाताळतात. त्यांना सोडून केलेला कुठलाही बेत कागदावरच राहतो.

सगळ्यात आधी ज्यांच्याकडे जायला हवं त्यांच्याकडे लोक सहसा शेवटी जातात: सफाई कामगार. कुठलं गटार कशाने तुंबतं, कोण रात्री गोणी टाकून जातो, कुठे साप निघतो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना बैठकीत खुर्ची द्या, त्यांचं म्हणणं पहिलं ऐका. मोहिमेमुळे त्यांच्या रोजगारावर गदा येणार नाही आणि जादाचं कामही त्यांच्याच गळ्यात पडणार नाही, हे स्पष्ट बोला. संत गाडगेबाबा गावात पाऊल ठेवलं की आधी खराटा हातात घेत आणि संध्याकाळी कीर्तनात बोलत. महाराष्ट्राने 2000-01 मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते त्यांच्याच नावाने. आधी हात, मग तोंड, हा क्रम बैठकीतही पाळा. ज्यांनी झाडू मारलाय ते आधी बोलतील, भाषण करणारे नंतर.

विरोध करणारेही भेटतील. "हे प्रशासनाचं काम आहे, आपण का करायचं?" हा प्रश्न रास्त आहे, त्याला झिडकारू नका. नियमित कचरा उचलणं, गटारांची देखभाल हे प्रशासनाचंच काम आहे आणि तसं लेखी मागत राहायलाच हवं. लोकांनी जमून केलेल्या कामाने ती मागणी बळकट होते, कारण फोटो, वजनाच्या नोंदी आणि नकाशा घेऊन गेलेल्या गटाला कोरं आश्वासन देऊन परत पाठवणं अवघड जातं.

पैसे कमीत कमी गोळा करा. अवजारं उसनी आणा, वाहन कोणाचं मिळतंय ते बघा. जो पैसा येईल त्याचा जमा-खर्च सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावर लिहा, पाच रुपयांची दोरी घेतली तरी. पैशाचा संशय आला की चांगला गट फुटायला एक आठवडा पुरतो.

पाचवी पायरी: पहिली जागा निवडा

सगळ्यात मोठा उकिरडा पहिल्यांदा घेऊ नका. रोज सगळ्यांच्या नजरेला पडणारी, एका सकाळी पुरी होईल एवढीच आणि लगेच कुणाच्या तरी उपयोगाला येणारी जागा निवडा. ती कोणाच्या मालकीची आहे ते तपासून परवानगी घ्या. समोरच्या घरांशी आधी बोला. पुढे ती जागा राखणारे तेच आहेत.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले आणि लोक त्यांचं काय करतात ते पाहिलं. हे संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. शेजारची भिंत स्वच्छ होती तेव्हा 33 टक्के लोकांनी कागद खाली टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलीला अडकवला. भिंत रंगाने बरबटलेली होती तेव्हा 69 टक्क्यांनी. माणसं तशीच, गल्ली तीच. म्हणून एक जागा पूर्ण स्वच्छ करा, दहा जागा अर्ध्यामुर्ध्या नको. अर्धवट साफ केलेला कोपरा पाहणाऱ्याला घाणच वाटतो.

सहावी पायरी: मोहिमेचा दिवस

ऊन चढण्याआधी सुरू करा आणि अडीच-तीन तासांत थांबा. काम उरलं तरी थांबा. दमलेल्या माणसाला इजा होते आणि तो पुढच्या वेळी येत नाही. सहा ते आठ जणांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला ठरलेली हद्द आणि एक प्रमुख द्या. प्रमुखाने कचरा उचलायचा नाही, माणसांवर लक्ष ठेवायचं.

निघण्यापूर्वी पाच मिनिटं हे सांगाच:

- उघड्या हाताने आणि चपलेत कोणी काम करायचं नाही. पोत्यात हात घालून दाबायचं नाही, आत सुई किंवा काच असू शकते.
- दगड, पत्रा, गवताचा भारा आधी काठीने हलवायचा, मग उचलायचा.
- मुलं रस्ता, पाणी आणि काच यांपासून लांब. त्यांना कागद-पुठ्ठा वेचायला आणि मोजणी लिहायला द्या.
- पोतं एकट्याला सहज उचलेल इतकंच भरायचं. ओल्या कचऱ्याचं अर्धं पोतंही जड होतं.
- बंद गटारात, चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही. आत साचलेल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरलेलाही दगावतो. ते काम यंत्रानेच करून घ्यायचं.

पिण्याचं पाणी, साबण, प्रथमोपचाराची पेटी हाताशी ठेवा. कोणाला गंजलेलं काही लागलं तर जखम धुवून त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

उचलतानाच वेगळं करा, नंतर करू म्हटलं की होत नाही. पोत्यांना रंगीत दोरी बांधा, कुठल्या रंगात काय ते एका पाटीवर लिहा. उघडी गटारं शेवटी घ्या, कारण वरचा कचरा झाडताना थोडाफार गटारात पडतोच. काढलेला गाळ काठावर निथळू द्या, पण एक-दोन दिवसांत उचलाच. हे फार ठिकाणी राहून जातं, मग पहिल्या सरीबरोबर तोच गाळ पुन्हा आत जातो. गाळ उचलायची तारीख आणि माणूस आधीच ठरवून ठेवा.

उचललेल्या सगळ्या कचऱ्याचं वजन त्याच दिवशी फळ्यावर लिहा. शेवटची गाडी अधिकृत जागी पोचल्याचा फोटो येईपर्यंत काम संपलं असं म्हणू नका.

सातवी पायरी: पुढचे चार आठवडे

जागा टिकणार की नाही हे याच दिवसांत ठरतं. रिकामी जागा दुसऱ्या दिवसापासून वापरात आणा: दोन बाक, संध्याकाळचा दिवा, मुलांना खेळायला आखलेली हद्द. जिथे माणसं बसतात तिथे सहसा गोणी येऊन पडत नाही. कचरापेटी लावायची असेल तर ती कोण, कुठल्या वारी रिकामी करणार हे आधी ठरवा. भरून वाहणारी कचरापेटी नवा उकिरडा तयार करते, तिथे पेटी नसलेलीच बरी.

पहिला आठवडा रोज सकाळी कोणीतरी चक्कर मारा आणि रात्रीत पडलेलं दहाच्या आत उचला. कचऱ्याची पहिली पिशवी दिवसभर राहिली की तिच्याशेजारी दुसरी येते.

टाकणाऱ्याशी चारचौघांत बोलू नका. बाजूला जाऊन, नात्याने हाक मारून बोला: "काका, इथे आता पोरं खेळतात. तुमच्याकडे गाडी येत नाही का? मी गाडीवाल्याशी बोलतो." बरेच जण त्यानंतर टाकत नाहीत. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी नियम हवेत, पण ते त्या गल्लीतल्या लोकांनी बसून ठरवलेले असावेत. अर्थशास्त्राचं नोबेल 2009 मध्ये मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक जंगलं, पाणी, कुरणं राखणाऱ्या समाजांचा आयुष्यभर अभ्यास केला. जिथे वापरणारेच नियम ठरवतात, एकमेकांवर नजर ठेवतात आणि शिक्षा हलक्यापासून चढत जाते, तिथे सामाईक गोष्टी टिकतात, असं त्यांना दिसलं. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा घरी जाऊन बोलणं, तिसऱ्यांदा अर्धा दिवस श्रमदान. दंड अगदी शेवटी, तोही प्रशासनाच्या पावतीवरच.

आठवड्यातला एक वार पाणी उपसण्याचा ठरवा. टायर, फुटके डबे, कुंड्यांखालच्या ताटल्या, उघड्या टाक्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे दर सात दिवसांनी पाणी ओतलं तर साखळी तुटते. भांडं नुसतं ओतू नका, आतून घासा. त्याची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन् महिने जगतात.

झाडं लावण्याची घाई करू नका. मोहिमेच्या दिवशी फोटोपुरती लावलेली रोपं पाण्याविना वाळतात, हे मी फार पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळतो. पावसाच्या तोंडावर, त्या मातीतलीच जात निवडून, दीड-दोन फूट खोल खड्डा करून, जेवढ्या झाडांना तीन उन्हाळे पाणी घालणारी घरं मिळतील तेवढीच लावा.

आठवी पायरी: काम दुसऱ्याच्या हाती द्या

आयर्लंडमध्ये गावांच्या नीटनेटकेपणाची स्पर्धा 1958 पासून चालू आहे. पहिल्या वर्षी ग्लेंटीज हे गाव जिंकलं, पुढच्या चार वर्षांत आणखी तीनदा जिंकलं, आणि मग थेट 1995 मध्ये पुन्हा. एवढ्या काळात एक अख्खी पिढी बदलते. काम टिकतं ते एका माणसाच्या धडपडीवर नाही, ते हातोहात पुढे जात राहिलं तर.

म्हणून वर्षाने गटातले निम्मे लोक बदला, सगळे एकदम नको. नव्यांच्या हाती एक वही द्या. त्यात नकाशा, त्याच कोनातले आधीचे-नंतरचे फोटो, वजनाच्या नोंदी, जमा-खर्च, अवजारं कोणाच्या घरी आहेत त्याची यादी, भंगारवाल्याची आणि कचरागाडीची ठरलेली वेळ, प्रशासनाला दिलेल्या अर्जांच्या प्रती आणि त्यांची उत्तरं असू द्या. जे जमलं नाही तेही लिहा: कुठल्या गल्लीत खताचा ढीग बंद पडला आणि कशामुळे, कुठल्या जागी कचरा परत साचला. नव्या गटाने पहिला महिना दुसरं काही न करता ही वही हातात घेऊन गाव पायी फिरावं, प्रत्येक खुणेपाशी थांबून पहिल्या पायरीतल्या चार प्रश्नांची उत्तरं पुन्हा लिहावीत आणि पुढची जागा त्यातून निवडावी. जुन्यांपैकी एकाने महिनाभर त्यांच्याबरोबर चालावं, पण जागा त्यांनाच निवडू द्यावी.